कॅम्पर व्हॅनची केबिन: डॅशबोर्डवरचा पसारा, इंजिनाची धग आणि लांब पल्ल्याची सीट

कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, बांधायला घेतली की सगळा जीव मागच्या भागात अडकतो. पलंग केवढा, ओटा कुठे, पाण्याची टाकी किती लिटरची, सोलर किती वॉटचं. पुढची केबिन मात्र आली तशीच राहते. पहिल्या लांबच्या प्रवासात कळतं की दिवसाचे सहा-सात तास आपण त्या पलंगावर नसतो, स्टिअरिंगमागे असतो.

आमची गाडी जुनी घेतलेली फोर्स ट्रॅव्हलर आहे, ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तेवढं अंतर असलेली. नवरा आणि मी आलटूनपालटून चालवतो. पहिल्याच वर्षी महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना डॅशवर ठेवलेली स्टीलची बाटली एका वळणावर घरंगळली, माझ्या पायाशी पडली आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली. पेडल अर्ध्यावर अडलं. दुसऱ्या गिअरमध्ये होते, वेग कमी होता, म्हणून हँडब्रेकवर गाडी थांबली. त्या दिवसापासून केबिनमध्ये मी एकच नियम पाळते: चालत्या गाडीत ड्रायव्हरला कशासाठीही शोधाशोध करावी लागता कामा नये, आणि कुठलीच वस्तू आपली जागा सोडता कामा नये. खाली जे सांगते आहे ते सगळं या नियमातून आलेलं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद मान खाली घातली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. चष्म्याचं घर शोधायला दोन सेकंदांहून जास्तच लागतात.

आधी आठवडाभर काही विकत घेऊ नका

ऑनलाइन मिळणारे ऑर्गनायझर, खिसे, होल्डर यांचा मोह आवरा. एक वही गाडीत ठेवा आणि दोन-तीन छोट्या सहली करा. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी लिहायचं: ड्रायव्हरने काय मागितलं, कुठे ठेवलं, काय पडलं. आमची यादी अशी निघाली: पाणी, फोन, चष्मा, काच पुसायचा फडका, टोल-पार्किंगचे सुटे पैसे, आल्याच्या वड्या.

यादीचे तीन वाटे करा. चालवताना लागणारं, गाडी थांबल्यावर लागणारं आणि केबिनमध्ये ज्याचं काही कामच नाही असं. पहिल्या वाट्यात सहासात वस्तूंपेक्षा जास्त काही येत नाही. तेवढ्यांनाच डॅशवर हक्काची जागा द्यायची. गाडीची कागदपत्रं, पीयूसी, टॉर्च, टायरचा प्रेशर गेज, धोक्याचा लाल त्रिकोण हे दुसऱ्या वाट्यात जातं. त्यांना सीटखालचा खण किंवा दाराचा खिसा पुरतो. अग्निशामक सिलिंडर मात्र ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्ट्याने पक्का बांधा, म्हणजे खाली उतरूनही हाती लागतो. मागे ओट्याखाली ठेवलेला सिलिंडर आग ओट्याशीच लागली तर हाताला येणार नाही.

कुठे काहीच लावायचं नाही, ते आधी ठरवा

ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि जोडीदाराला डॅशच्या वरच्या पृष्ठभागावर मास्किंग टेप धरायला सांगा. रस्ता दिसायला जिथून सुरुवात होते तिथे टेप लावा. त्या रेषेच्या वर काही येऊ द्यायचं नाही. हे काम गाडी चालवणाऱ्यांतल्या सर्वांत ठेंगण्या माणसाने करावं. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची पाच फूट दहा इंच. त्याला न दिसणारी चार इंची ट्रेची कड मला गाडीसमोरचं अख्खं वासरू लपवायला पुरेशी होती.

मग एअरबॅग. आपल्याकडे प्रवासी कार-व्हॅनमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. तुमची गाडी मारुतीची नवी ईको वगैरे असेल तर डॅशवरचं एअरबॅगचं झाकण ओळखा. बहुधा त्यावर तशी अक्षरं कोरलेली असतात. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि झाकणावर जे काही चिकटवलेलं असेल ते तोंडावर येतं. गणपतीची मूर्ती आपण श्रद्धेने बसवतो, मीही बसवली आहे. पण ती या झाकणावर नको. पितळेची जड मूर्ती तर मुळीच नको. डॅशच्या मध्यभागी, टेपच्या रेषेखाली, छोटी आणि हलकी मूर्ती बसवा. आरशाला लटकवलेला हारही डाव्या वळणावर समोरची दुचाकी झाकतो. तो मूर्तीपाशीच वाहा.

एसीची तोंडं, फ्यूजचं झाकण, गिअरची दांडी पूर्ण मागेपुढे फिरायची जागा आणि तिन्ही पेडलांच्या वरची पोकळी, हे सगळं मोकळं ठेवायचं. फास्टॅगसमोरही धातूचं काही येऊ देऊ नका, टोलनाक्यावर तो वाचला जाणार नाही.

डॅशवरचा ट्रे

तयार ट्रे डॅशच्या वळणावर नीट बसत नाही, म्हणून तो स्वतः करावा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. डॅशवर आडवा धरा, पेन्सिल बांधलेला कंपास डॅशच्या वळणावरून फिरवत पुठ्ठ्यावर तीच रेघ उतरवा, कापा, पुन्हा लावून पाहा. माझे चार पुठ्ठे वाया गेले आणि पाचवा बसला. पुठ्ठा स्वस्त असतो, इथे घाई करू नका. पुठ्ठा बसला की त्यावरून ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय कापून घ्या. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये असा उरलेला तुकडा मिळून जातो, पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. साधा कमर्शियल प्लाय कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगतो.

चारही बाजूंनी साधारण ४ सेंटिमीटर उंचीची कड लावा. आत आडव्या-उभ्या दोन-तीन पट्ट्या टाकून खण करा, पण वस्तू मोजून करा. चष्म्याच्या घराला चष्म्याच्या घराएवढाच खण. मोठ्या मोकळ्या खणात सगळं एकमेकांवर आपटतं आणि पुन्हा शोधाशोध सुरू होते. कडा गोल घासा. आतून काळा किंवा गडद राखाडी नमदा चिकटवा. यामागे दोन कारणं आहेत. नमद्यावर वस्तू खडखडत नाहीत, आणि गडद, बिनचमकीचा पृष्ठभाग काचेत उमटत नाही. आमचा पहिला ट्रे पॉलिश केलेल्या लाकडाचा होता, दिसायलाही सुंदर. दुपारी चारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर इतकं पडायचं की रस्त्यावरचे खड्डे दिसेनात.

ट्रे बसवताना डॅशमध्ये आंधळेपणाने स्क्रू मारू नका. प्लास्टिकमागे वायरिंगचा जुडगा आणि एसीचे डक्ट असतात. डॅशला आधीपासून असलेले बोल्ट शोधा आणि त्यांवर एल-पट्ट्या बसवून ट्रे त्यांना जोडा. हलक्या वस्तूंसाठी दुहेरी चिकट टेप चालते, व्हीएचबी प्रकारची, म्हणजे खूप घट्ट चिकटणारी. पण डॅशला आयुष्यभर चोळलेलं पॉलिश हा तिचा शत्रू आहे. त्यातलं सिलिकॉन पृष्ठभागावर राहतं आणि टेप दोन दिवसांत सुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, टेप दाबून बसवा आणि एक दिवस तिच्यावर भार टाकू नका.

ट्रेमध्ये काय ठेवायचं नाही हेही सांगते. उन्हात उभ्या गाडीचा डॅश ६०-७० अंशांपर्यंत सहज तापतो. पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा, सॅनिटायझर तिथे ठेवू नका. औषधंही नकोत. आणि पाण्याची बाटली तर नकोच. ती दाराच्या खिशात, किंवा सीटच्या बाजूला जमिनीला बोल्ट केलेल्या खोल होल्डरमध्ये. एक हिशोब सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतली सुटी वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे २० पट जोराने पुढे जाते. भरलेली लिटरभराची स्टीलची बाटली त्या क्षणी २५ किलोच्या पोत्यासारखी आदळते.

काचेवरचा माळा

ट्रॅव्हलरला उंच छत असल्यामुळे पुढच्या काचेवर माळा करता येतो. ईकोसारख्या ठेंगण्या गाडीत हा नाद सोडा, डोकं आपटेल. बसल्यावर डोक्यापासून निदान १५ सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, तेही खड्ड्यात उसळल्यावर काय होईल ते डोळ्यांसमोर आणून. स्क्रू छताच्या पातळ पत्र्यात मारू नका. पत्र्याखालच्या आडव्या रिबा शोधा, त्यांत एम-६ मापाचे रिव्हनट (पत्र्यात पक्के बसणारे नट) बसवा आणि बोल्टने माळा आवळा. पुढच्या कडेला उभी पट्टी आणि तिच्यावर जाळी लावा. माळ्यावर चादरी, जॅकेट, रेनकोट, उशा ठेवा. डोक्यावर कॅमेऱ्याची बॅग किंवा हत्यारांचा डबा ठेवून घाट उतरू नका.

चार्जिंगची वेगळी लाइन

सिगरेट लायटरच्या सॉकेटवर सगळा भार टाकायची सवय वाईट आहे. त्याचा फ्यूज बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा असतो. लॅपटॉपसाठी ६५ वॉटचा चार्जर लावला की १२ व्होल्टवर सहा अँपिअर जातातच, दोन लावले की फ्यूज जळायच्या बेताला येतो. त्यापेक्षा मागच्या घरगुती बॅटरीवरून (ही इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी) केबिनसाठी एक वेगळी लाइन आणा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लांब लावला तर बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला संरक्षणच राहत नाही आणि तिथे वायर घासली गेली की आग लागायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला. टोकाला वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून लावा. इलेक्ट्रिशियनने घाईत हे टाळलं तर त्याला थांबवा.

या लाइनचा आणखी एक फायदा असा की रात्रभर फोन लावून ठेवले तरी इंजिनाची बॅटरी उतरत नाही आणि सकाळी धक्का मारायची वेळ येत नाही. आपल्या ट्रकवाल्यांच्या डॅशवर असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखाही याच लाइनवर घ्या. तो एक अँपिअरच्या आसपासच खातो आणि घाटात एसी बंद ठेवून चढताना फार मोलाचा ठरतो.

इंजिनाची धग

केबिनच्या आरामाचा विषय निघाला की सगळे सीटकव्हरबद्दल बोलतात. माझ्या मते निम्मा थकवा धगीचा आणि आवाजाचा असतो. ट्रॅव्हलरमध्ये इंजिनाचा काही भाग दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली येतो. ईकोमध्ये तर इंजिन थेट पुढच्या सीटांखालीच आहे. मे महिन्यात अकोल्याकडे जाताना माझी डावी पोटरी अक्षरशः भाजून निघायची आणि त्या झाकणावर हात ठेवून दहा मोजता येत नसत.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी वास घ्या. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर कुठलीही शीट लावण्याआधी मेकॅनिककडून एक्झॉस्टची गळती शोधून घ्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि आपण याच गाडीत झोपणार आहोत. मागे त्याचा अलार्मही लावा.

दुसरं काम रबरी गॅस्केटचं. झाकणाच्या कडेने कागदाची पट्टी ठेवा, झाकण आवळा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथलं रबर मेलेलं आहे. अशी सगळ्या बाजूंनी तपासणी करा. रात्री इंजिनाच्या बाजूला पेटता टॉर्च ठेवून अंधाऱ्या केबिनमधून पाहिलं तर फटी चांदण्यासारख्या दिसतात. त्याच फटींतून धग, आवाज आणि धूळ येते. नवं गॅस्केट पुण्यात नाना पेठेत मीटरवर मिळतं. आमच्या गाडीत सर्वांत मोठा फरक या एका कामाने पडला, आणि सगळ्यात कमी पैसेही याच कामाला लागले.

त्यानंतर शीट. झाकणाच्या केबिनकडच्या पत्र्याला ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावा. ती पत्र्याची थरथर मारते. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मधला निम्मा भाग पुरतो. रोलरने दाबून बसवा, हवा राहू देऊ नका. तिच्यावर बंद छिद्रांची नायट्राइल रबरची शीट लावा, एसीच्या डक्टवर गुंडाळतात तीच फॉइलवाली. उघड्या छिद्रांचा साधा फोम वापरू नका. तो पावसाळ्यात पाणी आणि कधीमधी डिझेलही पितो. इंजिनाकडच्या बाजूला यातलं काही लावायचं नाही. तिथे फक्त उष्णता सोसणारी, फॉइल लावलेली फायबरग्लासची शीट चालते, तीही नुसत्या गोंदावर न ठेवता बोल्ट-वॉशरने पक्की केलेली. एक्झॉस्टजवळ गोंदावरची शीट सुटून पडली तर काय होईल ते सांगायला नको.

सगळं झाल्यावर झाकण पूर्वीसारखंच उघडतं ना ते पाहा. मेकॅनिकला कामासाठी तिथूनच हात घालावा लागतो. झाकणावर आम्ही एक हलकी पेटी केली आहे, नकाशे आणि टिश्यूसाठी. ती दोन टॉगल क्लिपांवर बसते आणि अर्ध्या मिनिटात निघते.

सीट

नवी सीट घेण्याआधी असलेली सीट नीट लावून पाहा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. पाठ सरळ काटकोनाहून जराशी मागे कललेली असू द्या. माझी कंबरदुखी निम्मी एवढ्यावरच कमी झाली.

खाली दबलेल्या सीटवर उशी टाकणं हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो, आणि तो चुकीचा आहे. उशीने आपण वर उचलले जातो आणि बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर येतो. धडकेत तो पोटात रुततो. त्याऐवजी कुशनवाल्याकडे जाऊन आतला फोम बदला. ‘४० डेन्सिटी’, म्हणजे दाट फोम, मागा. नवा फोम पहिला महिनाभर कडक वाटतो, पण सहा तास बसल्यावर त्याचं मोल कळतं. मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो आणि सोलापूरला पोचेपर्यंत तळाला लागतो. कमरेच्या खोलगट भागात तीन-चार सेंटिमीटरचा उंचवटा शिवून घ्या. तुम्ही सीटवर बसलेले असताना कुशनवाल्याला खडूने त्याची खूण करायला सांगा. वरचं कापड जाड सुती कॅनव्हासचं, चेन लावून धुवायला काढता येईल असं. रेक्झीन घामाने चिकटतं. लाकडी मण्यांच्या कव्हरला हवा चांगली खेळते, पण जोरात ब्रेक मारला की अंग त्यावरून घसरतं, म्हणून मी ते काढून टाकलं. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे कुठलंही कव्हर चढवू नका.

बरेच जण विचारतात, शेजारची सीट मागे फिरणारी करायची का? गॅरेजमध्ये वेल्ड केलेल्या फिरत्या प्लेटवर मी माणूस बसवणार नाही. सीट आणि बेल्टचे मूळ बोल्ट धडकेचा भार सोसायला बनवलेले असतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. ट्रे, खिसे, पंखा यांची अडचण नाही, पण सीट काढणं किंवा वाढवणं हा आरटीओचा विषय आहे. आधी विचारून घ्या.

पाय, काच, पाऊस

मॅट एकच ठेवा आणि ती हुकात अडकवा. मॅटवर मॅट घातली की वरची सरकून अॅक्सिलरेटरखाली जाते. क्लचच्या डावीकडे पाय टेकायला तिरकी फळी बसवली तर डाव्या पायाला खूप आराम मिळतो.

काचांना काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिला मनाई केली आहे. मुक्कामासाठी फॉइलच्या बबल शीटचे पडदे करा. वर्तमानपत्र काचेवर आतून दाबून आकार घ्या आणि बोटभर मोठा कापा, म्हणजे शीट चौकटीत घट्ट बसते. पडदे काचेला चिकटवायचे व्हॅक्यूमचे कप दमट हवेत रात्री दोन वाजता सुटून पडतात. निघताना सगळे पडदे काढून मागे ठेवायचे.

पावसाळ्यात ओली छत्री आणि चपला दाराशी एका खोल प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. ते पाणी मॅटखाली गेलं की पत्रा गंजायला लागतो आणि केबिनला जो कुबट वास येतो तो दिवाळीपर्यंत जात नाही.

निघण्याआधी

सगळं बसवून झालं की नेहमीचं सामान भरा आणि मोकळ्या जागी ताशी ३० च्या वेगात जोरात ब्रेक मारा, शेजारी कोणी न बसवता. जे जागचं हललं त्याची जागा चुकली आहे. मग एक घाट आणि एक खराब रस्ता असा अर्धा दिवस फिरा. शेजारी बसणाऱ्याने नुसतं ऐकायचं. खडखड जिथून येते तिथे नमद्याची पट्टी लावायची. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पान्याने पुन्हा आवळा आणि त्यावर रंगाच्या पेनने आडवी रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट सैल झालाय हे पान्याशिवाय कळतं. आमच्या माळ्याचे दोन बोल्ट पहिल्याच फेरीत असे सापडले.